कोंबडीसकट मोटार

आमची पहिली मोटार घरी आली तेव्हा तिच्या पुढच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. त्यानंतर आमच्याकडे आणखी सहा जुन्या मोटारी आल्या. एकीत उंदरांचं बिऱ्हाड होतं, एकीत गांधीलमाश्यांचं, आणि एकीच्या टपावर मालकीणबाई पापड वाळत घालत असत. पण पहिली ती पहिली. लोक मला विचारतात, "आजी, बायकांना साड्यांचा नाद असतो, दागिन्यांचा असतो. तुम्हाला हा जुन्या मोटारींचा नाद कुठून लागला?" मी सांगते, कोंबडीमुळे. त्यांना वाटतं, म्हातारीची आता गाडी रुळावरून घसरली. तेव्हा एकदा सगळं नीट लिहूनच ठेवते.

साल छप्पन्न, मार्च महिना. पिंपरीला कारखाना नुकता सुरू झाला होता आणि आमचे हे तिथे स्टोअरकीपर होते. आम्ही चिंचवड गावात उद्धवरावांच्या घरात दोन खोल्यांत राहत होतो. मी, हे आणि सासूबाई. ह्यांचं नाव रंगराव, पण ते मी घेत नसे. आता हे नाहीत, तर घ्यायला जीभ वळत नाही. तेव्हा 'हे'च बरे.

स्टोअरकीपर माणसाचा एक स्वभाव बनतो. त्याला जगात वस्तू दिसत नाहीत, नग दिसतात. जेवताना मी विचारायची, "पोळी वाढू?" हे म्हणायचे, "एक नग." आमच्या लग्नात आलेली भांडी ह्यांनी मांडवातच यादीला लावली होती आणि एक फुलपात्र कमी भरलं म्हणून माझ्या मामांना दोनदा परत पाठवलं होतं. माणूस मात्र सज्जन. दुसऱ्याचा खिळा घरी आणायचा नाही आणि आपला शब्द खाली पडू द्यायचा नाही. कारखान्यातल्या लॉरीच्या ड्रायव्हरकडून ह्यांनी मोटार चालवायला शिकून लायसन काढलं होतं. का काढलं, ते विचारू नये. आमच्याकडे तेव्हा सायकलसुद्धा एकच होती.

तर हे एका रविवारी चाकणच्या बाजारात कांदे आणायला गेले आणि संध्याकाळी मोटार ठरवून आले. कांदे राहिलेच.

झालं असं होतं की येताना तहान लागली म्हणून हे एका वाडीवर पाणी मागायला थांबले. गोठ्यात म्हशीच्या मागून ह्यांना एक पितळी दिवा चमकताना दिसला. दिव्यामागे मोटार होती. लाकडी आऱ्यांची चाकं, कापडी टप, बाहेरच्या बाजूला रबरी फुग्याचा भोंगा. ती गोजाबाई नावाच्या विधवा बाईची होती. तिचा नवरा एका लाकडाच्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर होता आणि ठेकेदार मुलूख सोडून गेला तेव्हा मोटार त्याला देऊन गेला. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना म्हणून ती गोठ्यात उभी केली, ती उभीच राहिली. पुढे नवरा वारला. बारा वर्षं म्हैस आणि मोटार एकमेकींकडे बघत उभ्या होत्या.

"अहो, पण आपण करायचं काय तिचं?" मी विचारलं.

"दुरुस्त करायची," हे म्हणाले. "अशा वस्तू पुन्हा बनत नाहीत. एकमेव नग आहे."

पुढच्या रविवारी भाड्याची बैलजोडी घेऊन आम्ही दोघं वाडीवर गेलो. गोजाबाई दारातच उभी होती. काटक, उंच, कपाळ मोकळं. तिच्या बाजूला तिचा दीर भिमाजी कंबरेवर हात ठेवून उभा.

"न्या एकदाचं ते लोखंड," भिमाजी म्हणाला. "बारा वर्सं सांगतोय वैनीला, भंगारात घाल, भंगारात घाल. सारी वाडी हसतीया. म्हनं मोटार! म्हशीचा उकिरडा हाय त्यो."

गोजाबाई त्याच्याकडे न बघता आम्हाला म्हणाली, "गाडी आज हलायची न्हाई."

पुढच्या सीटवर, फाटलेल्या गादीच्या खळग्यात, एक तांबडी कोंबडी पिसं फुगवून बसली होती. मी जरा पुढे झाले तर तिने असा काही आवाज काढला की मी पदर सावरत मागे आले.

"खुडूक हाय," गोजाबाई म्हणाली. "कालच बसलीया. अकरा अंडी हायती खाली. आता एकवीस दिस तिला हलवाया जमायचं न्हाई. जागा बदलली की उठती, अन् अंडी गार पडत्यात."

बैलजोडीचं भाडं ठरलेलं, ह्यांची सुट्टी एकच दिवस, आणि अंगात मोटार संचारलेली. हे म्हणाले, "मग कोंबडीसकट नेतो. जागा बदलायला नको, ती आहे तिथेच बसेल. पिल्लं निघाली की आणून देतो."

गोजाबाईने ह्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "अन् उठली तर?"

"तर मोटार परत."

"शबुद?"

शब्द दिला असता तर काम भागलं असतं. पण स्टोअरकीपरला तोंडी व्यवहार पचत नाही. ह्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि कागदावर लिहिलं: 'जुनी मोटार एक नग, त्यातील कोंबडी एक नग व अंडी अकरा नग ताब्यात घेतली. कोंबडी व अकरा पिल्ले सुस्थितीत परत करीन. एकही नग कमी भरल्यास मोटार परत केली जाईल.' खाली सही केली. गोजाबाईचा अंगठा घेतला. तिने कागदाची घडी करून चंचीत ठेवली. अकरा अंड्यांची अकरा पिल्लं होत नसतात हे त्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिथे ते ठाऊक नसलेली माणसं आम्ही दोघंच होतो.

कोंबडीवर बांबूचं डालगं उपडं घातलं आणि आमची वरात निघाली. मोशी, भोसरी, पिंपरी. पुढे बैल, मागे मोटार, मोटारीत चाक धरून हे आणि शेजारी डालग्याखाली कोंबडी. मी मागे. वाटेत प्रत्येक माणसाने बैलवाल्याला विचारलं, "काय भरलंय?" आणि बैलवाल्याने प्रत्येकाला सांगितलं, "कोंबडी." एका कोंबडीला न्यायला एवढा मोठा गाडा करणारे लोक म्हणून भोसरीत आमची कीर्ती बरेच दिवस टिकली होती असं नंतर कळलं.

चिंचवडला पोचलो तर फाटकात उद्धवराव उभे. आमचे घरमालक. रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले. त्यांना बोलण्यापेक्षा नोटीस देणं सोयीचं वाटे. आमच्यात आणि त्यांच्यात एका भिंतीचं अंतर, पण 'रात्री खलबत्ता वाजवू नये' हे त्यांनी आम्हाला पोस्टाने कळवलं होतं.

"रंगराव, हे काय?"

"मोटार आहे."

"मोटार ती, जी चालते. ही ओढून आणलीत. आणि हे डालगं?"

हे डालग्याच्या आड उभे राहिले. कोंबडी मात्र नेमकी तेव्हाच बोलली.

"माझ्या अंगणात?" उद्धवरावांचा आवाज वर गेला. "अंडी? ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही तिथे?"

संध्याकाळी नोटीस आली. पोस्टाने नाही, हाताने. म्हणजे मामला गंभीर होता. 'येत्या होळीपर्यंत सदर वाहन स्वतःच्या बळावर फाटकाबाहेर जाऊन, सरकारी कचेरीतून पास होऊन आले नाही, तर ते भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्यात येईल. लाकडी चाके होळीसाठी उपयोगात आणली जातील.' होळी तीन आठवड्यांवर होती.

म्हणजे आता असं झालं: होळीच्या आत मोटार चालली नाही तर ती उद्धवरावांच्या हातून जाणार, आणि चालवण्याच्या खटपटीत कोंबडी उठली तर गोजाबाईकडे परत जाणार. हे रात्री जेवले नाहीत. एक नगसुद्धा नाही.

सासूबाईंची मला खरी भीती होती. त्यांचं सोवळं कडक. सकाळी त्या काठी टेकत अंगणात आल्या, मोटारीजवळ गेल्या, डालग्यातून आत बघितलं.

"किती दिवस राहिले हिचे?"

"एकोणीस," मी म्हणाले.

"म्हणजे बाळंतपणालाच आली म्हणायची आपल्याकडे." त्या माझ्याकडे वळल्या. "दिवस भरत आलेल्या बाईला दारातून घालवू नये. पाप लागतं. तिला बाजरी भिजवून घाल. आणि त्या उद्धवरावांना सांग, मोठ्याने बोलायचं असेल तर आपल्या बाजूला बोला."

त्या दिवसापासून कोंबडीला आमच्या घरात माहेरवाशिणीचा मान सुरू झाला. सासूबाई तिला शिवत नसत, पण लांबून बाजरी टाकत, दुपारी पाण्याची वाटी ठेवायला सांगत आणि तिन्हीसांजेला मीठमोहऱ्या घेऊन दुरूनच दृष्ट काढत. अंडं हा शब्द त्या उच्चारत नसत. "तिचं ते" म्हणत.

मिस्त्री मिळाला तोही असाच. हनीफभाईंचं दुकान स्टेशनजवळ, मुंबई रस्त्याला लागून. ट्रकचं काम करत. मोटार बघायला आले, चारही बाजूंनी फिरले, वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, "रंगरावसाहेब, ही गाडी कोणत्या कंपनीची?"

पुढचा पितळी बिल्ला कुणीतरी केव्हाच उपटून नेला होता. उद्धवराव कुंपणापलीकडून म्हणाले, "विलायती." हे म्हणाले, "अमेरिकन असावी." हनीफभाई म्हणाले, "इंजिन एकाचं दिसतंय, गिअरपेटी दुसऱ्याची, आणि मागचा धुरा तर बैलगाडीवाल्या सुताराचा आहे. नाव राहू द्या. दुरुस्त होईल." मग त्यांनी बॉनेट उघडायला हात घातला आणि डालगं दिसलं. "ही कोण?"

मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी हातोडा पिशवीत परत ठेवला. "भाभी, आमच्या घरवालीच्या, रहिमाबींच्या कोंबड्या आहेत घरी. खुडूक बसली की घरात खोकायचीसुद्धा चोरी. म्हणजे आता ठोकाठोक बंद. जे करायचं ते पान्याने, हळू."

आणि खरोखर, त्या मोटारीचं काम कुजबुजत झालं. दोन्ही शिफ्टच्या मध्ये हे येत, सकाळ-संध्याकाळ हनीफभाई येत, आणि दिवसभर मी. कारण उद्धवरावांचा बोका. भलामोठा, एका कानाचा, मालकासारखाच कायद्याने वागणारा. डालग्यापाशी तो दिवसातून चार वेळा तपासणीला येई. तेव्हा कुणीतरी मोटारीत बसलं पाहिजे होतं. सासूबाईंना मोटारीची पायरी चढवेना, हे कारखान्यात. राहिले मी. चिंचवड गावातल्या समस्त बायका दुपारी वाळवणं घालत होत्या आणि मी बिनचाकाच्या मोटारीत, हातात काठी घेऊन, कोंबडीशेजारी बसले होते. चाकं हनीफभाईंनी आरे घट्ट करायला नेली होती. पाणवठ्यावरून जाणाऱ्या बायका विचारायच्या, "काय वहिनी, कुठवर आलात?" मी सुरुवातीला रडकुंडीला यायची. मग म्हणायला लागले, "तळेगाव गेलं आत्ताच." त्याने त्या गप्प झाल्या.

पण माणूस नुसतं किती बसणार? हनीफभाई सकाळी जे उघडून ठेवत ते माझ्यासमोर असे. मी ते बघायची. नळी कुठून निघते, कुठे जाते. संध्याकाळी ते आले की विचारायची. ते हसायचे, पण सांगायचे. चौथ्या दिवशी मी पाना द्यायला लागले. सातव्या दिवशी कोणता पाना ते न सांगता द्यायला लागले. दहाव्या दिवशी ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचे पॉइंट सहाणेवर घासून साफ केले आणि हनीफभाईंनी ते उलटसुलट करून बघितले. ते ह्यांना म्हणाले, "रंगरावसाहेब, तुम्ही कारखान्यात जा. भाभी आहेत." ह्यांचा चेहरा जरा उतरला त्या दिवशी. मी मुद्दाम ह्यांच्या पानात दोन नग जास्त वाढले.

मोटारीच्या पोटात काय नव्हतं? पेट्रोलच्या टाकीचं झाकण बारा वर्षांपूर्वीच हरवलं होतं आणि तिथे चिंधी कोंबलेली होती. कोंबड्यांनी ती केव्हाच उपसून टाकली. टाकीतून आम्ही पिसं काढली, पेंढा काढला आणि ओंजळभर बाजरी काढली. "टाकीच्या तळाला कुठेतरी दाणा राहिला असेल," हनीफभाई म्हणाले, "तर तो वाटेत नळीत येईल. लक्षात ठेवा."

इंजिन सुरू करायचा दिवस आला तेव्हा सगळ्यांचा जीव मुठीत. हँडल हनीफभाईंनी मारलं, मी कोंबडीजवळ. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन खोकलं, मग धरलं. सगळी मोटार थरथरायला लागली. कोंबडीने एकदा डोळे मोठे केले, पिसं आणखी फुगवली आणि बसून राहिली. सासूबाई पायरीवरून म्हणाल्या, "उबेने बरं वाटतं गं तिला." उद्धवराव खिडकीत उभे होते. त्यांनी खिडकी लावली.

कचेरीचं काम ह्यांनी एकीकडे चालू ठेवलं होतं. कचेरी कुठली ते सांगत नाही. तिथली माणसं आता नसली तरी त्यांची नातवंडं असतील. पहिल्या खेपेला कारकून म्हणाला, कंपनीचं नाव लिहा. ह्यांनी लिहिलं, 'माहीत नाही.' दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "माहीत नाही नावाची कंपनी आमच्या यादीत नाही." तिसऱ्या खेपेला म्हणाला, आधी मोटार दाखवा, मग नाव ठरवू. चौथ्या खेपेला म्हणाला, तपासणीची तारीख शुक्रवार. होळी सोमवारी होती. आणि शुक्रवार हा कोंबडीचा विसावा दिवस होता.

"एक दिवस पुढे मिळणार नाही?" मी विचारलं.

"विचारलं. म्हणाला, मग थेट गुढीपाडव्यानंतर."

म्हणजे न जावं तर उद्धवराव आणि जावं तर गोजाबाई. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. "बाळंतिणी पूर्वी डोली करून जायच्याच की माहेरी. सावकाश न्या."

शुक्रवारी सकाळी निघालो. हनीफभाईंचा जुम्मा होता, ते म्हणाले, नमाज झाली की सायकलवर मागून येतो. डालग्यावर सासूबाईंनी ओलं फडकं घातलं होतं. हे बैलगाडीपेक्षा थोडे पुढे आणि टांग्यापेक्षा थोडे मागे अशा वेगाने चालवत होते. एका टांगेवाल्याने शेजारून जाताना विचारलं, "साहेब, घोडं देऊ का माझं?" ह्यांनी नजर समोरच ठेवली. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

दापोडीच्या अलीकडे इंजिनाने दोन आचके दिले आणि मोटार थांबली. ह्यांनी हँडल मारलं. पुन्हा मारलं. घाम पुसून पुन्हा मारलं. सूर्य वर चढत होता. डालग्याखाली कोंबडी चोच उघडून धापा टाकायला लागली होती आणि एक पाय अंड्यांबाहेर काढला होता.

"उठतेय," हे म्हणाले. तेवढाच शब्द. ह्यांचा चेहरा मी त्यानंतर तसा एकदाच पाहिला, सासूबाई गेल्या त्या दिवशी.

रस्त्याच्या कडेला पाच-सात माणसं जमली होतीच. एकाचं मत, बॅटरी गेली. दुसरा म्हणाला, ढकला. मी डोक्यावरचा पदर कंबरेला खोचला, डालग्यावरचं फडकं ह्यांच्या हातात देऊन म्हटलं, "तुम्ही हे वर धरून सावली करा," आणि बॉनेट उघडलं. पाना काढला. टाकीची तोटी बंद केली, नळी सोडवली, एक टोक तोंडात धरलं आणि सगळ्या जमलेल्या पुरुषांसमोर, डोक्यावर पदर नसताना, जोर लावून फुंकलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा पेट्रोल जिभेवर आलं. तिसऱ्यांदा नळीच्या दुसऱ्या टोकातून टपकन बाजरीचा एक दाणा पडला.

ज्याने बॅटरीचं सांगितलं होतं तो म्हणाला, "तेच म्हणत होतो मी."

नळी बसवली, तोटी उघडली, हँडल मारलं, मोटार सुरू झाली. वारा लागला तशी कोंबडीने पाय आत घेतला.  दापोडीचा पूल ओलांडल्यावर हे म्हणाले, "तुम्हाला पाणी हवंय का?" इतक्या वर्षांत ह्यांनी मला अहोजाहो केलं ते तेवढं एकदा.

कचेरीच्या आवारात तपासनीस साहेब आले. खाकी कपडे, काखेत वही, चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा सरकारी. ब्रेक बघितला, दिवे बघितले, चाकांचे आरे हलवून बघितले.

"भोंगा वाजवा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, भोंगा वाजवता येणार नाही."

"बिघडलाय?"

"नाही. उत्तम आहे."

"मग अडचण काय आहे?"

मी डालग्याची कड उचलून दाखवली. साहेब वाकले. वही काखेतून हातात आली. आवाज एकदम खाली आला.

"खुडूक हाय व्हय? कितवा दिस?"

"विसावा."

"मंग अशा उन्हाची कशाला आनली हो तिला? उद्या फुटतील की!" साहेब मावळातले निघाले. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि पुन्हा सरकारी झाले. "परंतु भोंगा ऐकल्याशिवाय मला पास करता येत नाही. नियम आहे."

मी पाना घेतला आणि भोंगा मोटारीपासून सोडवला. मग मी पुढे भोंगा घेऊन, मागे साहेब वही घेऊन, असे आम्ही आवाराच्या पार टोकाला लिंबाच्या झाडाखाली गेलो. तिथे साहेबांनी स्वतः फुगा दाबला. असा दणदणीत आवाज निघाला की कचेरीतले सगळे कारकून खिडकीत आले. साहेबांनी वहीत गंभीरपणे खूण केली: भोंगा, ठीक. नावाच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं ते कागद मिळाला तेव्हा कळलं. 'जुनी.' आमच्या मोटारीची कंपनी सरकारदरबारी शेवटपर्यंत तीच राहिली. हनीफभाई पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

घरी आलो. उद्धवरावांनी पासिंगचा कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि फाटक स्वतः उघडलं. फक्त म्हणाले, "बोका मी बांधून ठेवतो दोन दिवस." त्यांच्याकडून ती मोठीच गोष्ट होती.

शनिवारी अंडी फुटली. सासूबाईंनी सोवळ्यात असूनही पायरीवर ठिय्या दिला होता. "किती? किती?" एक, दोन, पाच, आठ. संध्याकाळपर्यंत नऊ. रविवारभर वाट पाहिली. उरलेली दोन अंडी तशीच राहिली. कोंबडीने ती पायाने बाजूला सारली आणि पिल्लांना घेऊन सीटवरून खाली उतरली.

हे अंगणात उभे राहून त्या दोन अंड्यांकडे बघत होते.

"नऊ झाली की," मी म्हणाले. "पुष्कळ झाली."

"अकरा लिहिलंय."

"तिला वाचता येत नाही."

"मला येतं," हे म्हणाले.

  सोमवारी, होळीच्या सकाळी, सासूबाईंनी डब्यात पुरणपोळ्या घातल्या, दोन अंडी वाटीत कापूस घालून त्यावर ठेवायला सांगितली, आणि मोटारीच्या चाकावर पाणी घातलं, जसं सासरी निघालेल्या मुलीच्या गाडीवर घालतात. हनीफभाई रस्त्यापर्यंत आले. त्यांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि दुकानाकडे वळले. माझ्या मांडीवर कोंबडी आणि पिल्लांची टोपली होती. मोटार इतकी सुरेख चालत होती की रडू यावं. चाकणपर्यंत एकदासुद्धा आचका दिला नाही.

वाडीवर आम्हाला बघायला माणसं गोळा झाली. भिमाजी बैल सोडून आला. ह्यांनी टोपली खाली ठेवली, वाटी ठेवली आणि कारखान्यात साहेबापुढे उभे राहत तसे गोजाबाईपुढे उभे राहिले.

"कोंबडी एक. पिल्लं नऊ. दोन अंडी फुटली नाहीत. कागदाप्रमाणे मोटार परत आणली आहे."

भिमाजी हसला. "घे वैनी, माघारी आलं तुझं लोखंड! कागूद हाय, आंगठा हाय. आता तरी भंगारवाल्याला सांगावा धाड."

गोजाबाईने पिल्लं मोजली नाहीत. तिने मोटारीचं बॉनेट, दिवे, चाकं असं सगळं हळूहळू बघितलं. मग ह्यांना विचारलं, "अकराच्या अकरा? कुनी लिवलं असलं?"

"मी."

"कोंबडी पाळलीया कधी?"

"नाही."

"दिसतंयच." ती पदर खोचून मोटारीच्या पुढच्या बाजूला गेली, सीटवरचा पेंढा हाताने झटकला आणि वर चढून बसली. "चला."

"कुठे?"

"हानमंताच्या देवळापतुर. मंग वळायचं, अन् भिमाजीच्या दारावरनं माघारी."

गेलो. माणसं बाजूला झाली. गोजाबाई ताठ बसली होती, नजर समोर. भिमाजी आपल्या दारात उभा राहून हसत होता. देवळापाशी वळलो. "पुन्यांदा," ती म्हणाली. दुसऱ्या फेऱ्याला भिमाजी हसत नव्हता. त्याची बायको आणि दोन्ही सुना ओट्यावर येऊन बघत होत्या. "पुन्यांदा," गोजाबाई म्हणाली. तिसऱ्या फेऱ्याला भिमाजी दारात नव्हताच. दाराला आतून कडी होती.

"कोंबडी मीच बसवली व्हती," ती अचानक म्हणाली. चेहरा समोरच. "शनवारी. तुमी रईवारी येनार म्हनून. नवऱ्याची गाडी हाय. कुनी बी येतंय, म्हनतंय दुरुस करतो, अन् फुडच्या वळनावर मोडून इकतंय. म्हनलं, एकवीस दिस तरी मोडनार न्हाईत. तवर बघू."

ह्यांनी मोटार तिच्या अंगणात उभी केली. इंजिन बंद झालं. ती उतरली, पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून क्षणभर मोटारीच्या दाराला धरून उभी राहिली, आणि मग दारावरचा हात काढला.

"न्या," ती म्हणाली. "आता तुमची झाली."

ह्यांनी सवयीने खिशातून पेन्सिल काढली. मी ती हातातून काढून घेतली.